थंड देश अन्न जास्त विकतात की जास्त विकत घेतात?

मृद्गंध (धागाकर्ती)

भाचीने विचारलेला एक प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ती भूगोलाचा अभ्यास करत होती. धड्यात वाक्य होतं की थंड प्रदेशात शेतीचा हंगाम लहान असतो, म्हणून तिथल्या देशांना अन्न बाहेरून आणावं लागतं. तिने लगेच विचारलं, "मग कॅनडा जगाला गहू कसा विकतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅनडा मोठा देश आहे, असं काहीतरी पुटपुटले. तिचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही.

मग नकाशा घेऊन बसले. कॅनडा, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, मंगोलिया. सगळीकडे हिवाळा लांब. पण कॅनडा आणि रशिया गव्हाच्या निर्यातीत अगदी पहिल्या रांगेत, फिनलंड मात्र एकूण अन्नाचा खरेदीदार. आइसलंड मासे विकतो आणि धान्य आणतो. नॉर्वेत लागवडीखालची जमीन जेमतेम ३ टक्के, तरी मासळीच्या निर्यातीत जगात फक्त चीन त्याच्या पुढे. थंडी सगळ्यांच्या वाट्याला आली आहे, मग उत्तरं इतकी वेगळी का?

माझा अंदाज असा की माणशी जमीन किती यावर सगळं ठरत असावं. पण नॉर्वे त्यात बसत नाही. या देशांत राहिलेल्या किंवा या व्यवहारात काम केलेल्या मंडळींनी कृपया लिहावं. आकडे द्याच, पण डोळ्यांनी पाहिलेलंही सांगा.

धान्यकोठी

मृद्गंध, भाचीला शाबासकी द्या. धड्यातलं वाक्य अर्धंच खरं आहे.

मी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात अकरा वर्षं धान्याच्या एलेव्हेटरवर काम केलं. शेतकऱ्याचा ट्रक येतो, नमुना काढून मालाची प्रत ठरते, धान्य उंच कोठारात चढतं आणि तिथून रेल्वेने बंदराकडे निघतं, ती ही जागा. तिथे मी एक गोष्ट शिकलो. थंडीमुळे पिकांची यादी छोटी होते, धान्याचा ढीग छोटा होत नाही. आंबा, ऊस, भात, चहा, कॉफी यांचा विचारच सोडायचा. पण गहू, बार्ली, ओट, मसूर, पिवळा वाटाणा, मोहरीच्या कुळातला कॅनोला, ही जी पाच-सात पिकं येतात ती क्षितिजापर्यंत येतात. दंव नसलेले दिवस १०० ते १२०. पण जूनमध्ये तिथे सोळा-सतरा तास उजेड असतो, त्यामुळे रोप दिवसाचं काम जवळजवळ दीडपट करून घेतं. शिवाय उणे तीस अंशांत किडींच्या पिढ्यांवर पिढ्या वाढत नाहीत.

आता त्या १०० दिवसांचं मोल कळावं म्हणून सप्टेंबरमधला एक दिवस सांगतो. कॅनोलाचा ट्रक आला. मोहरीसारखा बारीक काळा दाणा, वरून पाहिला तर उत्तम. आमच्याकडे शंभर खळगे असलेली एक फळी असते. ती दाण्यांत बुडवायची, म्हणजे प्रत्येक खळग्यात एक दाणा बसतो. त्यावर चिकटपट्टी दाबून शंभर दाणे उचलायचे आणि वरून लाटणं फिरवायचं. दाणे चिरडतात आणि आतला रंग दिसतो. पिवळा असेल तर पक्व. त्या दिवशी पट्टीवर हिरवे ठिपकेच ठिपके. अशा पाच पट्ट्या काढल्या, सरासरी शंभरात अकरा हिरवे. पहिल्या प्रतीला दोन चालतात, दुसरीला सहा. माल तिसऱ्या प्रतीत गेला. ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री दंव पडलं होतं आणि दाण्यातलं हरितद्रव्य निघून जायच्या आत दाणा सुकला होता. असं तेल हिरवट निघतं आणि ते स्वच्छ करायला खर्च येतो. शेतकरी पट्टीकडे बघत नुसता उभा होता. त्याची मेहनत, खत, बियाणं सगळं नेहमीचंच होतं. फरक फक्त एका रात्रीचा.

तरीही तो माल विकला गेला, आणि निर्यातीतच गेला. कॅनडाची शेती आणि अन्नपदार्थांची निर्यात आता वर्षाला ९० अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर आहे. लोकसंख्या चार कोटी. एवढी माणसं एवढं खाणार कुठे?

अंगणवेल

पण मग कॅनडा काहीच आयात करत नाही का? हिवाळ्यात तिथे हिरवी भाजी कुठून येते?

धान्यकोठी

अंगणवेल, भरपूर आयात करतो. जानेवारीत दुकानातला लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी कॅलिफोर्नियाची किंवा मेक्सिकोची, संत्री-केळी तर बारा महिने बाहेरचीच. एक गंमतशीर फेरा सांगतो. प्रेअरीवरचा, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांवरचा, ड्युरम गहू (पास्त्याचा कडक गहू) जहाजाने इटलीला जातो. तिथे त्याचा पास्ता होतो आणि त्यातला काही पाकिटांत बसून कॅनडात परत येतो. गहू निर्यातीत मोजला, पास्ता आयातीत मोजला. दोन्ही नोंदी खऱ्या.

आकडेमोड

धान्यकोठींनी आता जे सांगितलं तिथूनच पुढे जातो, कारण या प्रश्नाची मेख मोजण्याच्या पद्धतीत आहे.

"जास्त" म्हणजे काय? रुपये-डॉलरमध्ये जास्त, टनांमध्ये जास्त, की पोटात जाणाऱ्या उष्मांकांमध्ये जास्त? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. फिनलंड घ्या. पैशांत मोजलं तर अन्नाची आयात निर्यातीच्या दुपटीहून जास्त. ऐकणाऱ्याला वाटेल की बंदरं बंद झाली तर फिनलंड उपाशी मरेल. पण त्या आयातीत कॉफी आहे, वाइन आहे, फळं आहेत, चीज आहे. फिनिश माणूस जगात सर्वांत जास्त कॉफी पिणाऱ्यांत मोडतो आणि कॉफीत उष्मांक जवळजवळ शून्य. दुसरीकडे तोच देश ओटच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. ओट स्वस्त, वजनाला भारी, पोटाला भरपूर. पैशांच्या तराजूत तो हलका पडतो.

आता स्वीडनचा नमुना बघा. त्यांच्या अन्ननिर्यातीच्या तक्त्यात मासे फार वर दिसतात. कारण नॉर्वेचा सामन मासा ट्रकने स्वीडनमध्ये येतो आणि तिथून युरोपियन संघातल्या इतर देशांकडे जातो. सीमा ओलांडली की आयात, पलीकडची ओलांडली की निर्यात. स्वीडनमधल्या कुणी त्या माशाला खायलाही घातलं नाही आणि तो शिजवूनही खाल्ला नाही, तरी तक्ता फुगतो. त्यामुळे असा आकडा दिसला की आधी हे शोधायचं की त्यातलं देशात पिकलेलं किती आणि नुसतं वाटेने गेलेलं किती.

समुद्रकाठ

आकडेमोड यांनी सामनचा विषय काढलाच आहे तर बोलतो. मी उत्तर नॉर्वेत राहतो आणि माझं काम मत्स्यशेतीच्या खाद्याच्या पुरवठ्याशी संबंधित आहे.

मृद्गंधताई, तुमच्या माणशी जमिनीच्या अंदाजात नॉर्वे बसत नाही, कारण नॉर्वेची शेती पाण्यात आहे. फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, गोल पिंजरे असतात, प्रत्येकाचा परीघ दीडशे मीटरच्या आसपास. शेजारी एक तराफा, त्यावर खाद्याच्या टाक्या. तिथून जाड नळ्या पिंजऱ्यांपर्यंत जातात आणि हवेच्या दाबाने गोळ्या पाण्यावर फवारल्या जातात. आत बसलेला माणूस पाण्याखालच्या कॅमेऱ्यात बघत असतो. मासे वर झेपावेनासे झाले आणि गोळ्या खाली बुडू लागल्या की नळी बंद. हे थंड पाणी सामनला मानवतं. गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहामुळे किनारा गोठत नाही आणि पाणी फार तापतही नाही. म्हणजे इथे थंडी हेच भांडवल आहे. २०२३ मध्ये नॉर्वेने १७० अब्ज क्रोनरहून जास्त किमतीची मासळी बाहेर विकली.

पण मला जे मनापासून सांगायचं आहे ते पुढे आहे. तराफ्यावरची ती गोळी हातात घेऊन बघा. तपकिरी, तेलकट, हरभऱ्याएवढी. १९९० च्या सुमारास तिचा बहुतांश भाग समुद्रातूनच यायचा, माशांची पूड आणि माशांचं तेल. आज सुमारे ७० टक्के वनस्पतीजन्य आहे. ब्राझीलच्या सोयाबीनची प्रथिनं, युरोपातल्या रेपसीडचं (कॅनोलाच्याच जातीच्या बियांचं) तेल, गहू, वाटाणा. नॉर्वेतला कच्चा माल दहा टक्क्यांपेक्षाही कमी. मी कागदपत्रं बघतो तेव्हा एका बाजूला खाद्याचं जहाज आलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला बर्फात घातलेले मासे निघालेले असतात.

मग नॉर्वे अन्ननिर्यातदार आहे का? पैशांत बघितलं तर निःसंशय. पण देशातल्या लोकांच्या ताटातले उष्मांक मोजले तर देशात पिकलेलं अन्न निम्म्यालाही पुरत नाही. मला या विरोधाची काळजी वाटते. सामन हा खरं म्हणजे ब्राझीलच्या शेताला थंड पाण्याची जोड देऊन तयार झालेला माल आहे. ते सोयाबीन "खाद्य" म्हणून वेगळ्या रकान्यात जातं, म्हणून अन्नाच्या चर्चेत कुणी त्याचं नाव घेत नाही. ते आम्ही मोजलं पाहिजे, असं मी माझ्या सहकाऱ्यांनाही सांगत असतो.

कोवळंऊन

समुद्रकाठ, डोळे उघडले. माझा समज होता की मासा म्हणजे समुद्राने फुकट दिलेलं अन्न.

समुद्रकाठ

पकडलेल्या माशाबाबत तो समज बराचसा बरोबर आहे. उत्तरेचा कॉड, हेरिंग, मॅकरेल यांना कुणी खायला घालत नाही. आइसलंडचं तर सगळं नशीबच कॉडवर उभं राहिलं. १९७५ मध्ये त्यांनी २०० सागरी मैलांपर्यंत हक्क सांगितला, त्यावरून ब्रिटनशी त्यांचा तिसरा कॉडचा झगडा झाला आणि त्यात आइसलंडचीच सरशी झाली. धान्य जवळजवळ सगळं बाहेरून आणणाऱ्या देशाला मासा म्हणजे काय, ते त्या झगड्यात दिसतं. मात्र टोमॅटो-काकड्या ते जमिनीतल्या गरम पाण्यावर तापवलेल्या काचघरांत, हिवाळ्यात दिव्यांच्या उजेडात पिकवतात.

जुनीपाने

इतक्या वेळ वाचत होतो. सगळे आजच्या तारखेचं बोलताहेत, पण देश कायमचा निर्यातदार किंवा कायमचा आयातदार नसतो. त्याच थंडीत तो बाजू बदलतो. मला वाटतं भाचीच्या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर रशियात आहे.

पहिल्या महायुद्धाआधी रशियन साम्राज्य जगातल्या मोठ्या धान्य निर्यातदारांपैकी एक होतं. १९६३ मध्ये सोव्हिएत संघाला परदेशातून मोठ्या प्रमाणावर गहू घ्यावा लागला आणि १९७२ मध्ये अमेरिकेकडून इतकी खरेदी झाली की जगभर गव्हाचे भाव भडकले. आणि आता गेल्या दशकापासून रशिया गव्हाच्या निर्यातीत जगात पहिला. हवा तीच, काळी माती तीच, नद्या तशाच गोठतात. मग काय बदललं? सोव्हिएत काळात लोकांना मांस मिळावं म्हणून जनावरांचे प्रचंड कळप सांभाळले जात आणि धान्याचा फार मोठा वाटा त्यांच्या पोटात जाई. १९९१ नंतर ते कळप कोसळले, खाणारी तोंडं कमी झाली आणि धान्य मोकळं झालं. मग शेतीत पैसा आला, दक्षिणेतल्या क्रास्नोदार आणि रोस्तोव्हच्या पट्ट्यात उत्पादन वाढलं, काळ्या समुद्राची बंदरं जवळ होतीच. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रशियाने युरोपियन संघ, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्वेकडून येणाऱ्या बऱ्याच अन्नपदार्थांवर बंदी घातली, त्यानंतर देशी चीज आणि मांस यांनाही बाजार मिळाला.

समुद्रकाठ यांच्या गोळीचा आणि या कळपांचा मुद्दा एकच आहे. जनावर किती आहे आणि ते कुणाचं खातं, यावर अर्धा हिशेब ठरतो.

डेन्मार्कनेही हेच केलं, पण जाणूनबुजून. १८७० च्या दशकात अमेरिकेचं स्वस्त धान्य युरोपात आलं. डेन्मार्क तोवर धान्य विकत होता, भाव पडले आणि शेतकरी अडचणीत आला. काही देशांनी जकात वाढवली. डॅनिश शेतकऱ्यांनी ते स्वस्त धान्य विकतच घेतलं, गाई-डुकरांना घातलं आणि इंग्लंडला लोणी आणि बेकन विकायला लागले. १८८२ मध्ये जटलंडच्या पश्चिमेला येडिंग या खेड्यात पहिली सहकारी दूधशाळा निघाली. लहान शेतकऱ्याच्या तीन गाईंचं दूधही मोठ्याच्या दुधाबरोबर एकाच यंत्रातून जायचं, त्यामुळे लोणी सगळं एका प्रतीचं. धान्याचा निर्यातदार धान्याचा आयातदार झाला आणि तरी अन्नाचा निर्यातदार राहिला. सहकारावर माझा जीव आहे, म्हणून जरा लांबलं.

उत्तरवारा

जुनीपाने, सुंदर लिहिलंत. मी फिनलंडमध्ये राहते, तेव्हा एक कडवट पान मीही जोडते.

१८६७ साली इथे मे महिना उलटत आला तरी तळ्यांवर बर्फ होता. पेरणी उशिरा झाली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच दंवाने उभं पीक मारलं. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात देशातली सुमारे ८ टक्के माणसं गेली. लोकांनी पाइनच्या आतल्या सालीचं पीठ राय नावाच्या धान्याच्या पिठात मिसळून भाकरी केल्या. बाहेरून धान्य आणायचं ठरलं तोवर फार उशीर झाला होता, आणि समुद्र गोठल्यावर जहाजं येणार कुठून?

ही आठवण इथल्या धोरणात अजून जिवंत आहे. आजही सरकारकडे अनेक महिने पुरेल इतकं धान्य आणीबाणीसाठी साठवलेलं असतं. शेजारच्या स्वीडनने शीतयुद्ध संपल्यावर आपले साठे मोडीत काढले, इथे ते ठेवले गेले. म्हणून आयात जास्त की निर्यात जास्त, या प्रश्नाबरोबर मी आणखी एक प्रश्न ठेवेन: समुद्र सहा महिने बंद झाला तर? पैशांच्या तक्त्यात फिनलंड तोट्यात दिसतो, पण राय, ओट, बटाटा, दूध इथलंच आहे. कॉफी नसेल तर आम्ही चिडू, मरणार नाही.

रानवाट

मंगोलियाबद्दल कुणीच लिहिलं नाही. थोडक्यात सांगते. माणसं पस्तीस लाख, जनावरं सहा कोटींच्या आसपास. कागदावर मांसाचा महासागर. पण लाळ्या-खुरकुताची साथ फिरत असते, त्यामुळे पुष्कळ देश ते मांस घेत नाहीत, आणि समुद्र कुठेच नाही. तांदूळ, साखर, फळं बाहेरूनच येतात. त्यात 'झुद' आला, म्हणजे गवतावर बर्फाचा कडक थर बसला, की जनावरं उभ्या उभ्या उपाशी मरतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून जास्त गेली. भरपूर अन्न असणं आणि ते विकता येणं यांत किती अंतर असतं ते तिथे कळतं.

धान्यकोठी

रानवाट, अगदी बरोबर. विकता येणं हा माझ्याही रोजच्या कामाचा भाग होता. उणे पंचवीसच्या खाली गेलं की मालगाडीच्या हवेच्या ब्रेकमध्ये दाब टिकत नाही, म्हणून गाड्या आखूड कराव्या लागतात. कोठार भरलेलं, व्हँकुव्हरला जहाज उभं, आणि गाडी निम्म्या डब्यांची. सुपीरियर सरोवरावरच्या थंडर बे बंदराच्या वाटेने पाठवावं तर पुढचा जलमार्ग जानेवारी ते मार्च बर्फाने बंद. २०१३ मध्ये विक्रमी पीक आलं आणि पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा. इतकं धान्य अडकलं की मार्च २०१४ मध्ये सरकारने दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी किमान पाच लाख टन हलवण्याचा हुकूम काढला. थंडीने पीक मारलं नव्हतं, वाट मारली होती.

आणि एक गोष्ट राहिली. भाचीला आवर्जून सांगा. कॅनडा गव्हाचा देश झाला त्यामागे एक भारतीय गहूही आहे. तिथला जुना रेड फाइफ हा गहू चवीला उत्तम, पण पिकायला उशीर लावायचा, दंवात सापडायचा. त्याचा संकर हार्ड रेड कलकत्ता या लवकर पिकणाऱ्या भारतीय वाणाशी झाला. त्या संकरातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स साँडर्स यांनी 'मार्क्विस' हे वाण निवडलं. ते दाणे तोंडात चावून चिकटपणा जोखायचे. मार्क्विस जवळजवळ आठवडाभर आधी तयार व्हायचा. तो एक आठवडा मिळाला आणि प्रेअरीचा उत्तरेकडचा पट्टा गव्हाखाली आला.

अंगणवेल

एका आठवड्यासाठी एवढं! आता त्या पट्टीवरचे अकरा हिरवे ठिपके नीट समजले.

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी भाचीला धागा वाचून दाखवला. तिने वहीत दोन रकाने आखले, "काय जातं" आणि "काय येतं". कॅनडा आणि फिनलंड पटकन भरले. नॉर्वेला अडली. सोयाबीन कुठे लिहू म्हणाली. बराच वेळ विचार करून तिने ते "काय येतं" मध्ये लिहिलं आणि तिथून पलीकडच्या सामनपर्यंत एक बाण काढला. मी काही सुचवलं नव्हतं.

धड्यातल्या त्या वाक्याखाली तिने पेन्सिलीने लिहिलंय: "कोणता देश? काय मोजलं?"

धान्यकोठी, तिचा तुम्हाला एक प्रश्न आहे. चिरडलेल्या दाण्यांच्या त्या पट्ट्यांचं पुढे काय करता?

धान्यकोठी

तिला सांगा, नमुन्याच्या पाकिटाला चिकटवून ठेवायचो, शेतकऱ्याला प्रत मान्य नसेल तर परत मोजता यावी म्हणून. त्या दिवशीच्या शेतकऱ्याने मान्य केलं, पण एक पट्टी मागून घेतली. घडी न घालता शर्टाच्या खिशात उभी ठेवली आणि ट्रक घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याने मेच्या पहिल्या आठवड्यातच पेरलं.